दाराजवळची खुर्ची

४ फेब्रुवारी १९९०, धुळे

पुस्तक आलं. जळगावच्या प्रकाशकांनी, मोतीलालशेठनी, एसटी पार्सलनं पाठवलेला गठ्ठा माझे यजमान रुपचंद डेपोतून सायकलला बांधून घेऊन आले. सुतळी मीच सोडली. ‘दाराजवळची खुर्ची’, आणि खाली माझं नाव. मुखपृष्ठाचा निळा मी सांगितल्यापेक्षा फिकट झालाय. शेठना सांगून उपयोग नाही, ते म्हणतील पुढच्या आवृत्तीत गडद करू.

तीन वर्षं या पुस्तकामागे घालवली. कॉलेजच्या सुट्ट्यांत जळगाव-धुळ्यातली गावं पालथी घातली, राखीव जागेवर निवडून आलेल्या आपल्या दलित सभासदांशी बोलले. म्हणणं एवढंच आहे : आपल्या माणसाला पंचायतीत खुर्ची मिळाली, तोंड उघडायची मुभा मिळाली नाही. दोष गावाचा आहेच, पण आपल्या पुढाऱ्यांचाही आहे. पद मिळालं की गप्प बसायचं हे त्यांनीच शिकवलं. हे आपल्यातल्या कुणी छापलेलं नाही. मी छापलं.

तिसऱ्या प्रकरणाचा पहिला परिच्छेद पुन्हा वाचला. ‘सभेत त्याची खुर्ची दाराजवळ असे. सगळ्यांच्या चपला त्याच्याच पायाशी निघत. ठराव झाला की वही त्याच्याकडे येई, तो सही करी, वही परत जाई. काय ठरलं ते त्याला कुणी सांगत नसे आणि तोही विचारत नसे.’ आवडला. यात माझे वडील, आबा, थोडेसे आहेत. तेही गावी राखीव जागेवर सभासद होते. माय तापानं फणफणली होती तेव्हा त्यांना बोलवायला पंचायतीत गेले होते, तेव्हा पाहिलेलं ते दृश्य. पण थोडेसेच, बाकी चार गावांतले चार जण मिसळलेत. अशा लेखनात व्यक्ती महत्त्वाची नसते.

एक प्रत गावी आबांना पाठवली. त्यांना आनंद होईल. सुरवाड्यांच्या घरातलं पहिलं पुस्तक.

१३ फेब्रुवारी

स्टाफरूममध्ये आज सगळे एकदम गोड बोलत होते. एरवी माझ्या टेबलापाशी न थांबणारे एक ज्येष्ठ सर म्हणाले, “बाई, धाडस केलंत. हे आम्ही म्हटलं असतं तर आमच्यावर मोर्चा आला असता.” मी हसले. नंतर तास घेताना ते वाक्य मधेमधे येत राहिलं. त्यांना इतकं का आवडलं?

दुपारी सोनगीरचे एक गृहस्थ शोधत घरी आले. डोक्याला रुमाल, हातात पुस्तक. गावच्या पंचायतीत सभासद होते म्हणे. म्हणाले, “ताई, तुन्हं पुस्तक वाचं मी. बठ्ठं खरं शे.” सगळं खरं आहे, एवढंच. चहा घेतला आणि उठले. जाताना विचारलं, “आते आम्हीन काय करानं?” पुस्तकाचं काम प्रश्न विचारण्याचं असतं, असं काहीतरी मी बोलले. त्यांनी मान हलवली, पण ती हो म्हणणारी नव्हती.

२६ फेब्रुवारी

काल अमळनेरला चर्चा झाली. उद्या विधानसभेचं मतदान, त्यामुळे गर्दी नसेल असं वाटलं होतं. उलट उभं राहायला जागा नव्हती. जीवराम शिरसाठ आला होता. आम्ही कॉलेजात एकाच वर्षाला होतो, एकाच मोर्चात लाठ्या खाल्ल्या. तो आजही पूर्णवेळ चळवळीत आहे आणि मी पगारावर, हे तो कधी बोलून दाखवत नाही. काल दाखवलं. उभा राहून म्हणाला, “लता, घरातलं भांडण तू चौकात नेलंस. उद्या हे पुस्तक कोण वापरणार, याचा विचार केलास?”

मी म्हणाले, “घरात कुणी बोलू दिलं असतं तर चौकात आले नसते.”

अर्ध्या सभागृहानं टाळ्या वाजवल्या, अर्धं गप्प. जीवराम दहाबारा जणांना घेऊन बाहेर पडला. मागच्या रांगेतल्या बाया मात्र जागच्या हलल्या नाहीत. सभा संपल्यावर त्यातली एक जवळ येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवून गेली.

मोतीलालशेठ खुशीत आहेत. “वाद झाला पायजे बाई, वादाशिवाय पुस्तक चालत नाही.” मला त्यांचा राग आला, आणि राग येऊनही बरं वाटलं. येताना एसटीत खिडकीशी बसून स्वतःचीच वाक्यं पुन्हा पुन्हा आठवत होते.

आबांचं पत्र नाही.

१८ मार्च

पुना आला होता. माझा धाकटा भाऊ, गावी शेती बघतो. मुलांसाठी बोरं आणली. मी विचारलं, आबांनी पुस्तक वाचलं का? म्हणाला, “वाचलं. दोनदा वाचलं. चष्मा लावून वट्यावर बसून.”

“मग काय म्हणाले?”

“काई नई.”

जेवताना पुनानं एक गोष्ट सांगितली. गावात लग्न होतं. मांडवात आबा आले तसं कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, आबांची खुर्ची दाराजवळ ठेवा रे. हसले सगळे. आपलीही पोरं हसली. आबा न जेवता घरी गेले.

मी म्हणाले, पोरांची चेष्टा. आबा असल्या गोष्टी मनावर घेत नाहीत. पुनानं माझ्याकडे पाहिलं आणि भाताचा घास कालवत राहिला. रुपचंद म्हणाले, “एकदा जाऊन ये.” पेपर तपासायचे आहेत. आणि मी जाऊन काय सांगणार? पुस्तक आवडलं तर ते कळवतीलच.

१५ एप्रिल

काल जयंतीला गावी गेले. बोदवडला गाडीतून उतरले तर स्टेशनवर पुना एकटाच. जन्मशताब्दीचं वर्ष, त्यामुळे यंदा मिरवणूक मोठी होती, बॅन्ड भुसावळहून आणलेला. मिरवणुकीच्या पुढे आबा नव्हते. मला आठवतं तेव्हापासून ते पुढे असतात. विचारलं तर म्हणाले, “गुडघे दुखतात.”

घरात माझ्याशी नीट बोलले. मुलांची चौकशी, कॉलेजची चौकशी. पुस्तकाचा विषय मी दोनदा काढला, दोनदा त्यांनी म्हशीकडे नेला. माय भाकरी थापत होती, तिनंही वर पाहिलं नाही. पुस्तक कोनाड्यात तसबिरीशेजारी ठेवलेलं दिसलं. म्हणजे मान दिलाय.

गुडघ्यांसाठी तेल पाठवायला हवं.

१२ ऑगस्ट

चार महिने इथे काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं रोज होतं, पण बसवलं नाही.

दिल्लीत सरकारनं इतर मागासवर्गीयांना राखीव जागा जाहीर केल्या आणि वारं फिरलं. स्टाफरूममधलं गोड बोलणं थांबलं. आता मी आत गेले की विषय बदलतो. आणि तरी माझ्या पुस्तकाच्या प्रती जोरात जातायत, शेठ सांगतात. कोण घेतंय, असं मी विचारलं. “घेणाऱ्याची जात विचारून पुस्तक विकत नाही बाई,” म्हणाले. खरं आहे. तरी अस्वस्थ वाटतंय.

८ सप्टेंबर

कॉलेजच्या फाटकापाशी एक पत्रक वाटत होते. माझ्याच वर्गातल्या एका मुलीनं ते दिलं. मी आहे हे पाहून तिचा चेहरा उतरला, पण तोवर कागद माझ्या हातात होता. ‘राखीव जागा बंद करा’ असा मथळा. आणि खाली चौकटीत, ‘त्यांच्याच विदुषी काय म्हणतात पहा’, म्हणून माझा परिच्छेद. दाराजवळची खुर्ची, चपला, वही, सही. शेवटचं वाक्य ठळक अक्षरांत. माझं नाव पदवीसकट.

एकही शब्द बदललेला नाही. बदलला असता तर भांडता आलं असतं.

तास घेतला. काय शिकवलं ते आठवत नाही.

संध्याकाळी जीवराम आला. अमळनेरनंतर पहिल्यांदा. मला वाटलं, आता म्हणेल, सांगितलं होतं. तो खुर्चीवर बसलाही नाही. म्हणाला, “सात ऑक्टोबरला वाचनालयाच्या सभागृहात या पत्रकवाल्यांनी परिसंवाद ठेवलाय. तुला बोलावणार आहेत. पहिला एक वकील बोलणार, मग तू. जाऊ नकोस.”

“नाही गेले तर?”

“तर म्हणतील आली नाही. गेलीस तर तुझ्या तोंडून वदवून घेतील.”

रुपचंद म्हणाले, तिला ठरवू दे. जीवराम जाताना म्हणाला, “पुस्तक खोटं आहे असं मी कधीच म्हटलं नव्हतं, लता.” मग तेव्हा काय म्हटलं होतं, हे मला विचारायचं होतं. तो जिना उतरून गेला.

१० सप्टेंबर

शेठना ट्रंककॉल केला. उरलेल्या प्रती विकू नका, असं मी सांगितलं. ते म्हणाले, “आता? आता तर खरी मागणी आहे.”

३० सप्टेंबर

आज दुपारी दार वाजलं. उघडलं तर आबा. एकटे, हातात पिशवी. बोदवडहून गाडी, जळगावहून एसटी, असा प्रवास करून आले होते आणि कुणाला कळवलंही नव्हतं. पाणी प्याले. मग पिशवीतून ते पत्रक काढलं. गावापर्यंत पोचलं होतं.

“हे तूच लिवलं नं?”

“पुस्तकात लिहिलं होतं, आबा. यांनी उचललं.”

“ते मले समजते. तू जाशीन का तिथं?”

“ठरवलं नाही.”

“जाय. मी बी येतो.”

मी म्हणाले, तुम्ही कशाला, तिथे गोंधळ होईल, तुमचे गुडघे. ते म्हणाले, “माह्या गुडघ्याले काई झालेलं नई.”

मुलं खेळून येईपर्यंत आम्ही दोघं समोरासमोर बसलो होतो. मला वाटलं, आता विचारावं. विचारलं, “आबा, त्या प्रकरणात तुम्हाला काही चुकीचं वाटलं का?” आता दुसरी आवृत्ती निघाली तर मी दुरुस्ती करीन, असंही म्हणाले. मनात होतं की त्यांनी काहीतरी सांगावं. त्या गप्प बसण्यामागे काही डाव होता, वस्तीचा नळ मिळवायचा होता, असं काहीही. मला ते लिहिता आलं असतं. पत्रकाला उत्तर म्हणून तेच पुरलं असतं.

आबा म्हणाले, “चुकीचं काई नई. भेव वाटे.”

“कशाचं?”

“त्या सगळ्यायचं. आपन बोललो तं काय करतीन, याचं. मले मोठा करू नको तू. भेव वाटे म्हून बोलो नई.”

मग उठून मोरीवर पाय धुवायला गेले.

७ ऑक्टोबर

झाली सभा. जसं झालं तसं लिहिते, नाहीतर उद्या मी त्यात स्वतःच्या सोयीचं काहीतरी मिसळीन.

सभागृह भरलेलं होतं. डावीकडे त्यांची माणसं, उजवीकडे जीवराम आणि आपली. आबा मधल्या रांगेत रुपचंदजवळ बसले. वकील चांगलं बोलले, हे लिहायलाच हवं. आवाज चढवला नाही. माझा परिच्छेद वाचून दाखवला, माझ्यापेक्षा चांगला वाचला. म्हणाले, “जिथे माणूस नुसती सही करतो, ती जागा राखून कुणाचं भलं झालं? हे मी म्हणत नाही, प्राध्यापक बाई म्हणतात.”

मी उभी राहिले. तयारी करून गेले होते. बोलले की रोग्याचं दुखणं सांगितलं म्हणजे त्याला औषध बंद करा असं होत नाही. मधल्या खुर्च्यांवर कोण बसलं होतं तेही त्याच पानावर आहे, ते पत्रकात का नाही? उजवीकडून टाळ्या आल्या. डावीकडून एक तरुण उठला. म्हणाला, “बाई, एक सांगा. हा दाराजवळचा माणूस खरा आहे की पुस्तकासाठी तयार केलेला?”

मी म्हणाले, “तो प्रातिनिधिक आहे. अनेक—”

“म्हणजे खरा नाही.”

“मी हाये तो.”

आबा उभे होते. आवाज मोठा नव्हता, पण ऐकू गेला. “कौतिक सुरवाडे. हे माही पोरगी हाये. दहा वर्ष पंचायतीत व्हतो. खुर्ची दाराजवळ व्हती, खरं हाये. चपलाचं बी खरं हाये.”

वकिलांनी नम्रपणे विचारलं, “मग आजोबा, तुम्हीच सांगा. काय उपयोग झाला त्या जागेचा?”

“खुर्ची तिथं मी नई ठेवली, वकीलसाहेब. मी बसलो. मी बसलो म्हून माह्या पोरीले शाळेतून कोनी घरी धाडलं नई. ते शिकली, आन तिनं माह्यावर पुस्तक लिवलं. ते तुमी आता वाचून दाखवलं.” थोडं थांबले. “तुमाले वाचायले बी काई नसतं.”

काही लोक हसले, डावीकडचेसुद्धा. मग टाळ्या झाल्या. आबा टाळ्या चालू असतानाच खाली बसले आणि मान खाली घालून राहिले. माझ्या हातात पुढचे मुद्दे लिहिलेला कागद होता. मी तो घडी करून पर्समध्ये ठेवला आणि खाली बसले.

बाहेर पडल्यावर जीवराम आबांच्या पाया पडला. मला म्हणाला, “आज म्हाताऱ्यानं वाचवलं तुला.” ज्येष्ठ सर भेटले, म्हणाले, “वडलांना असं पुढे करायला नको होतं, बाई.” सोनगीरचे ते गृहस्थ आले होते. ते आबांचा हात हातात घेऊन कितीतरी वेळ उभे होते.

८ ऑक्टोबर

आबा सकाळच्या गाडीनं गेले. स्टॅन्डवर मी म्हणाले, “दुसऱ्या आवृत्तीतून तो परिच्छेद काढते.”

“काढू नको. मंग मी काल कायले उभा राह्यलो?”

“तुम्हाला त्रास झाला. लग्नात, गावात. मला कळलं नाही.”

त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. “लिवलं त्याचं काई नई. इतक्या गावायत इचारत फिरली तू, लता. चाळीस-पन्नास घरी चहा प्याली असशीन. मले एकडाव इचारलं असतं.”

बस लागली. त्यांना खिडकीची जागा मिळाली. हात दाखवायला त्यांनी बाहेर पाहिलं नाही. पुढे पाहत बसले. बस वळून एरंडोलच्या बाजूला गेली तरी मी तिथेच होते. त्यांनी सभेत माझी बाजू घेतली म्हणजे मला माफ केलं, असं मी कालपासून धरून चालले होते.

१३ ऑक्टोबर

एका पेपरात आलंय की लेखिका निरुत्तर झाली. दुसऱ्यात आलंय की पितापुत्रींनी सभा जिंकली. कॉलेजात दोन्ही पेपर माझ्या टेबलावर कुणीतरी आणून ठेवले होते, उघडून. मुंबईहून एका मासिकाची विचारणा आलीय, आबांची मुलाखत हवीय, फोटोसह. मी ‘नाही’ म्हणून कळवलं. मग वाटलं, हेही त्यांना न विचारताच ठरवलं.

२१ ऑक्टोबर, गावी

दिवाळीची सुट्टी. दोन दिवस झाले येऊन. आबा शेतावर जातात, येतात, बोलतात. गावात फरक पडलाय आणि नाहीही. पोरं आता त्यांना वाटेत थांबवून सभेचं विचारतात. दोन घरं मात्र अजून आमच्याशी बोलत नाहीत. त्यांचं म्हणणं, बापलेकीनं समाजाची लाज धुळ्यात जाऊन काढली.

आज दुपारी माय ज्वारी निवडत होती. एकदम म्हणाली, “ते काय लिवलं तू, ते वाच बरं मले. सगळं गाव सांगते, मले कोनी वाचून दाखवलं नई.”

मला भीती वाटली. कोनाड्यातलं पुस्तक आणलं. आबांची ही प्रत मी पहिल्यांदाच उघडली. तिसऱ्या प्रकरणाची पानं मऊ पडलीयत. सगळं प्रकरण वाचलं, मधे न थांबता. मायचे हात सुपात चालू होते. वही परत जाते, सभा संपते, तो सगळ्यात शेवटी उठतो आणि दार ओढून घेतो, इथे प्रकरण संपतं. मला हा शेवट फार साधला आहे असं वाटायचं.

“पुढं?” माय म्हणाली.

“संपलं.”

“संपलं कसं? मंग ते घरी आले नं. ते कुठी हाये?”

मी पुस्तक मिटलं.

“घरी येत, हातपाय धुवत, आन चुलीपाशी बसत. मंग जे तिथं बोलायचं व्हतं ते सगळं मले सांगत. उभं राहून सांगत, हात करून. सरपंच, मी असं म्हनतो, वस्तीतल्या रस्त्याचं काय झालं, असं. मी भाकरी थापू का त्यायचं आयकू? चूक झाली तं पुन्हा पयल्यापासून बोलत. दहा वर्ष सरपंच मीच व्हती त्यायची.” ती हसली, मग हसायची थांबली. “एक दिवस तिथं बोलतीन, असं वाटे मले. नई बोलले.”

मला ते आवाज आठवतात. चुलीच्या खोलीतून येणारा आबांचा चढलेला आवाज, मायचा मधेच हुंकार. मला वाटायचं, दोघं भांडतायत. मी पुस्तक घेऊन वट्यावर जाऊन बसायचे.

“काय काय बोलायचे ते?” मी विचारलं.

मायनं सूप बाजूला सारलं, पदराला हात पुसले आणि माझ्यासाठी जागा केली. “बस,” म्हणाली. “नळाचं बोलत ते आधी सांगते.”